पाच सह्यांची गाडी

ती केस आठवली की मला आजही आधी हसू येतं, बाकीचं सगळं मागून आठवतं. पोलीस खात्यात हसण्यासारख्या केसेस फार मिळत नाहीत, म्हणून ही जपून ठेवली आहे. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही. ज्यांची गाडी होती त्यांना डॉक्टर म्हणते, ज्याने घेतली तो मिस्त्री आणि ज्याने विकली तो दलाल. तेवढ्यावर भागतं.

सन सत्तर उलटून बरीच वर्षं झाली होती. पिंपरीकडे कारखाने वाढत होते, आणि कारखान्यात दहा-पंधरा वर्षं काढलेल्या माणसांना आता सायकलीच्या पुढचं काहीतरी दिसायला लागलं होतं. नवी मोटार नंबर लावून वर्षानुवर्षं मिळायची नाही, तेव्हा लोक जुनी बघायचे. मी हवालदार होते. ठाण्यात बाई मी एकटी, त्यामुळे बायकांचे जबाब, हरवलेली मुलं, सासू-सुनांची भांडणं आणि पासपोर्टच्या चौकशा एवढं सगळं माझ्या टेबलावर यायचं. पासपोर्टच्या चौकशा माझ्याकडे का, ते कुणी सांगितलं नाही. बहुतेक घरोघर चहा प्यायला लागतो म्हणून असेल.

मिस्त्रीची आणि माझी ओळख अशा चौकशीतूनच झाली. एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये, म्हणजे जिथे यंत्रांची हत्यारं आणि साचे बनतात तिथे, तो फिटर होता. कंपनी त्याला नवीन मशीन शिकायला तीन महिने जर्मनीला पाठवणार होती. मूळचा महाळुंग्याचा, शेतकऱ्याच्या घरातला, राहायला पिंपळे गुरवला. महाळुंग्यातून तोवर कुणी विमानात बसलं नव्हतं. त्याच्या आईने अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं की माझा पोरगा समुद्रावरनं जाणार हाय.

पासपोर्टच्या चौकशीला मी आधी गल्लीत जाते आणि माणसाच्या घरी शेवटी. घरी सगळेच चांगले असतात. पिठाच्या गिरणीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "बाई, माझ्या गिरणीचा पट्टा तुटला की हा माणूस शिफ्टवरून आल्या आल्या येतो. हात काळे करून जातो आणि चहा प्यायला स्वतःच्या घरी जातो. आता याच्यावर काय लिहायचं ते लिहा." वाण्याने तेच सांगितलं, शेजारणीने तेच. मी चांगला शेरा लिहून कागद तयार केला. फौजदारसाहेबांची सही तेवढी राहिली होती.

तो कागद ड्रॉवरमध्ये असतानाच एका दुपारी ठाण्यात एक चाळिशीचा माणूस आला. पुण्यात लोकांच्या गाड्या धुण्याचं काम करायचा. बहिणीच्या मुलाच्या बारशाला पिंपळे गुरवला आला होता. दारात चप्पल काढायला लागला, म्हटलं राहू द्या, हे ठाणं आहे.

"बाई," तो म्हणाला, "आमच्या डॉक्टरांची गाडी पाच महिन्यांपूर्वी दवाखान्यासमोरून चोरीला गेली. ती मला सापडली."

"नंबर तोच आहे?"

"नाही. नंबर वेगळा आहे. रंगही वेगळा. आमची पांढरी होती, ही निळी आहे."

"मग कशावरून म्हणता?"

"डायवरची सीट खालून फाटली होती. ती मी दाभण घेऊन सुतळीने शिवली होती. बहिणीच्या गल्लीत उभी होती, मॉडेल तेच. काच उघडी दिसली, हात घालून बघितलं. गाडी निळी झालीये, पण शिवण माझीच आहे."

माणसाला कशाची ओळख पटेल सांगता येत नाही. आम्ही नंबर आणि रंग बघत बसतो, आणि धुणारा सीटच्या पोटाखालून हात फिरवतो. ठाणे अंमलदाराने चोरीच्या गाड्यांची पत्रकं काढली. डॉक्टरांची फिर्याद पुण्यात नोंदलेली होती. साहेबांनी दोन शिपाई पाठवले आणि तासाभरात निळी मोटार ठाण्याच्या आवारात उभी राहिली. तिच्यातून कंपनीच्या निळ्या कपड्यांत जो माणूस उतरला त्याला बघून मी हातातलं पेन खाली ठेवलं. माझा मिस्त्रीच होता.

सीटची शिवण पंचांना दाखवून पंचनामा झाला. इंजिनावरचा आणि चासीवरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरचा, नंबर मात्र डॉक्टरांच्या कागदाशी जुळेना. म्हणजे एक तर गाडी धुणाऱ्याची चूक होती, नाहीतर कुणीतरी नंबर बदलले होते. साहेबांनी मिस्त्रीला समोर बसवलं. आमचे साहेब माणूस सरळ होते, पण आवाज असा की समोरचा न केलेलंही कबूल करेल.

"गाडी कुणाकडून घेतली?"

"हायवेवर ग्यारेज हाय, त्या दलालाकडनं."

"आरसी बुक?"

"नावावर कराया दिलंय म्हनला. म्हैन्यात यील."

"किती महिने झाले?"

"तीन."

"आणि तुम्ही विचारलं नाही?"

"इचारलं की. म्हनला, आरटीओतलं साहेब रजेवर हायती."

"तीन महिने रजेवर?" साहेब म्हणाले. "टूलरूमचे मिस्त्री तुम्ही. एवढी मोठी वस्तू घेताना तपासून घेता येत नाही?"

आतापर्यंत मान खाली घालून बसलेला मिस्त्री एकदम ताठ झाला. "साहेब, चोर म्हना. पर तपासली न्हाई असं म्हनू नका. दोन रयवार तपासली. पाच डिपारमेंटची मानसं आनली हुती. त्यो कागुद घरी हाय."

कागद घेऊन त्याची बायको आली. नवरा ठाण्यात बसलेला, तरी बाई रडत नव्हती, चिडलेली होती. कागद माझ्या हातात देताना म्हणाली, "मी ह्यास्नी म्हनलं हुतं, मालकाचं घर बघून या. पोरीची सोयरीक करताना मामाचं गाव इचारता, आजीचं म्हायेर इचारता. आन् ह्या निळ्या नवरीचं म्हायेर कुठलं, त्ये पाचातल्या एकानं इचारलं न्हाई."

"आगं, मशीन खोटं बोलत न्हाई," मिस्त्री पुटपुटला.

"मशीन बोलतंच न्हाई," ती म्हणाली. "बोलतंय त्यो दलाल."

आता त्या कागदाबद्दल सांगते. कंपनीत कुठलाही तयार भाग तपासल्याशिवाय पुढे जात नाही. जो तो आपापल्या खात्याचं बघतो, तक्त्यात शेरा लिहितो, 'ओके' म्हणतो आणि सही करतो. या पाच दोस्तांनी रविवारी तसाच तक्ता आखला होता, पट्टी लावून. साहेबांनी तो मोठ्याने वाचायला घेतला.

"इंजिन. आवाज उत्तम, तेल गळत नाही. ओके." खाली सही. "रंग. मूळचा पांढरा, त्यावर निळा मारलेला. हात सफाईचा. ओके." सही. "कुलपे. इग्निशनचे कुलूप नवे बसविले आहे, दरवाजाची किल्ली वेगळी. दोन्ही सुरळीत. ओके." साहेबांचा आवाज हळू व्हायला लागला. "पत्रा. नंबरप्लेटखाली दुसऱ्या प्लेटची भोके. गंज नाही. ओके. चासी नंबर. पूर्वीचे आकडे घासून हातपंचाने नवे ठोकलेले, चारच्या आकड्याचा पाय तुटका. गाडी चालण्यास अडचण नाही. ओके."

शेवटची सही मिस्त्रीचीच होती.

कोपऱ्यातला शिपाई तोंडावर टोपी धरून हसत होता. साहेबांनी कागद खाली ठेवला. "चोराने चार पुरावे सोडले होते," ते म्हणाले, "आणि चारही पुराव्यांवर यांनी ओके मारलं."

"साहेब, कामात खोट नव्हती," मिस्त्री म्हणाला. त्याला अजून कळलेलं नव्हतं. कळलं तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला आणि माझं हसू गेलं. "म्हंजी ही गाडी खरंच..." म्हणत त्याने तक्ता पुन्हा पुढ्यात ओढला. मग त्याने हळूच विचारलं, "बाई, माज्या पासपोर्टाच्या कागदाचं काय हुईल?"

चोरीचा माल माहीत असून घेतला असा गुन्हा दाखल झाला, की पासपोर्टच्या कागदावर प्रतिकूल शेरा पडणार. कंपनी निलंबित करणार ते वेगळंच.

साहेबांनी मला आत बोलावलं. "बाई, दोनच गोष्टी शक्य आहेत. ही पाच माणसं सामील आहेत, नाहीतर पाचही देवमाणसं आहेत. हा कागद कोर्टात गेला तर वकील म्हणेल, यांना सगळं दिसत होतं."

"दिसत होतं, साहेब. पण ज्याला चोरी कळली तो कागदावर लिहून, सही करून, बायकोच्या ट्रंकेत ठेवतो का? यांच्या कंपनीत रंगवाला रंग बघतो, पत्रेवाला पत्रा बघतो. ही चोरीची आहे का हे बघायचं खातंच नव्हतं यांच्यात. आणि मी या माणसाची मागच्या आठवड्यात गल्लीभर चौकशी केली आहे."

"दलाल काय म्हणतो?"

दलालाला शिपाई मघाशीच भेटून आला होता. मुंबईच्या पार्टीकडून जशी आली तशी मी विकली, पार्टीचा पत्ता हरवला, आणि आकडे ठोकायचा पंच तर मी आयुष्यात हातात धरला नाही, असा त्याचा जबाब होता. वर चहा पाजला होता शिपायाला.

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो," साहेब म्हणाले. "तोवर दलालाविरुद्ध काही मिळालं तर ठीक. नाहीतर दोघांवर गुन्हा."

मी मिस्त्रीकडे गेले. म्हटलं, आता रडू नका, आपलं काम सांगा. पाय तुटका म्हणजे काय? त्याने चासीच्या नंबरावर कागद धरला आणि पेन्सिल घासून ठसा काढून दाखवला. नंबरात चार दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा उभ्या दांडीचा खालचा टोकाचा भाग उमटलाच नव्हता.

"पंचाचा टवका उडालाय," तो म्हणाला. "आमच्याकडं असला पंच भंगारात जातू. जो फेकीत न्हाई त्यो चिक्कू मानूस असनार. आन् चिक्कू मानूस त्यो अजून वापरीत असनार."

हे माझ्या डोक्यात बसलं. झडती घ्यायला गणवेशातली माणसं गेली असती तर पंच विहिरीत गेला असता. मला तो चार त्याच्याच हाताने मारून हवा होता.

आमच्या पोलीस लाईनीत वर्गणीतून घेतलेली लग्नाची भांडी होती. मोठी पातेली, पराती, घागरी. ज्याच्याकडे कार्य असेल त्याने न्यायची आणि घासून परत द्यायची. परत देताना दुसऱ्याचं भांडं येतं आणि आपलं जातं, म्हणून त्यांच्यावर नंबर घालायचे हे बायकांचं दोन वर्षं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरचं लुगडं नेसले, शेजारणीला बरोबर घेतलं, आठ पातेली रिक्षात घातली आणि हायवेच्या गॅरेजला गेले. दलालाने मला कधी पाहिलेलं नव्हतं.

"भाऊ, यांच्यावर नंबर टाकून द्याल का? तांबट म्हणतो पंधरा दिवस लागतील, आणि आमच्याकडे परवा साखरपुडा आहे."

"मावशी, हे मोटारीचं गॅरेज आहे," तो हसून म्हणाला. माणूस बोलायला गोड होता.

"तेच म्हटलं मी हिला," शेजारीण म्हणाली. ती माझ्याहून पक्की. "यांना कुठलं जमायला. चला, पुढच्या गॅरेजवाल्याचा हात चांगला आहे म्हणतात."

"त्याचा हात?" दलाल उठला. "त्याला सरळ रेघ मारता येत नाही. आणा इकडे. कुठला नंबर टाकू?"

"एकेचाळीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंत."

"आणि पहिली चाळीस कुठायत?"

"ती परत आलीच नाहीत," मी म्हटलं, "म्हणून तर नंबर घालतोय."

तो मनापासून हसला. आतल्या फळीवरून त्याने तेलकट फडक्यात गुंडाळलेले पंच काढले आणि हातोडी घेऊन खाली बसला. आठ पातेल्यांवर नऊ चार. पहिला ठोकला तेव्हाच मला दिसलं. दांडी खाली तोकडी. शेजारीण त्याला सांगत होती की जरा खोल ठोका, घासून जाईल. शेवटच्या पातेल्यावर त्याने फुंकर मारून म्हटलं, "बघा मावशी, जन्मभर जाणार नाही."

दुपारी साहेब पंच बरोबर घेऊन, म्हणजे दोन साक्षीदार घेऊन, गॅरेजवर गेले आणि फडक्यासकट सगळा संच जप्त झाला. दलालाला ठाण्यात आणलं तेव्हा मी गणवेशात टेबलामागे बसले होते आणि टेबलावर पातेलं पालथं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, साखरपुडा झाला का?" त्याने विचारलं.

"तुमच्यावाचून अडलाय. बसा."

पहिला अर्धा तास तो बधला नाही. "असे पंच बाजारात शंभर मिळतात, बाई. सगळ्यांचे चार सारखेच."

मग मी मिस्त्रीला बोलावलं. त्याने भिंग मागितलं. पेन्सिलीचा ठसा, पातेलं आणि जप्त केलेला पंच शेजारी शेजारी ठेवले आणि तास घेतल्यासारखा शिकवायला लागला. टवका कुठे उडाला, मोडलेली कड कशी तिरकी आहे, तिथे एक बारीक दात कसा राहिला आहे आणि तो दात तिन्हीकडे कसा उमटला आहे. "शंभर पंच एकसारखं बनत्याल," तो म्हणाला, "पर एकसारखं मोडत न्हाईत." साहेब खुर्ची सोडून भिंगावर वाकले होते. दलालही वाकला होता. मोठा वेळ बघत राहिला आणि सरळ होत म्हणाला, "राव, तुम्हाला हे गाडी घेतानाच दिसलं होतं?"

"दिसलं हुतं."

"मग घेतली कशी?"

"तुमी चांगलं मानूस वाटला," मिस्त्री म्हणाला.

मी पाहिलं आहे, धाक दाखवून न बोलणारी माणसं अशा एखाद्या वाक्यापाशी ढिली पडतात. त्याने पाणी मागितलं आणि सगळं सांगितलं. गाडी कुणाकडून आली, नंबर कुठे घासला, रंग कुणी मारला. "यांना काही माहीत नव्हतं," हेही त्याने जबाबात लिहून दिलं. संध्याकाळच्या आत गुन्हा दाखल झाला. त्यात मिस्त्रीचं नाव साक्षीदार म्हणून आलं.

साहेबांनी मग माझ्याकडून पासपोर्टचा कागद मागवला. वाचला, सही केली आणि म्हणाले, "बाई, एक शेरा राहिला. दृष्टी उत्तम, असं लिहायला हवं होतं." मिस्त्रीने तो कागद हातात घेतला नाही, नुसता लांबून बघितला. कागद सरकारी टपालाने गेला. ठाण्याच्या पायरीवर त्याच्या बायकोच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी आलं आणि तेही तिने आमच्याकडे पाठ करून पुसलं.

कोर्टाच्या हुकुमाने गाडी डॉक्टरांना परत मिळाली. ताबा घ्यायला ते आले तेव्हा मिस्त्रीही हजर होता. डॉक्टरांनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. ते थक्क झाले. "माझ्याकडे असताना रोज दोन माणसं ढकलायला लागायची," म्हणाले. मिस्त्रीने तीन महिन्यांत ती आतून नवी केली होती. डॉक्टरांना त्याने थंडीत चोक किती ओढायचा ते सांगितलं, तेल कधी बदलायचं ते सांगितलं, आणि मुलगी सासरी पाठवल्यासारखा फाटकापर्यंत गाडीबरोबर चालत गेला. त्याची रक्कम दलालाकडून परत यायला बराच काळ गेला आणि सगळी काही आली नाही. तो जर्मनीला मात्र ठरल्या दिवशी गेला.

या केसने मला काय शिकवलं असं लोक विचारतात. हुशार माणूस फसतो तो बहुतेक वेळा त्याच्या हुशारीच्या कुंपणाबाहेर. ती पाच माणसं आपापल्या कामात इतकी पक्की होती की बिनओळखीच्या कामाचं त्यांना भानच नव्हतं. आम्ही पोलीसही असेच. कागद जुळला की आमचं समाधान, मग ती गाडी ढकलत न्यावी लागली तरी चालेल. म्हणून मी सगळ्यांना सांगत आले आहे. जुनी गाडी घेताना मिस्त्री न्या, पण त्याच्या आधी आरटीओत जाऊन नंबर कुणाच्या नावावर आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आरसी बुक हातात पडल्याशिवाय गाडी घरी आणू नका. ते येतंय म्हणणाऱ्याला म्हणावं, तेही येऊ दे, मीही तेव्हाच येईन. आणि मालकाच्या घरी जा. दलालाच्या नको, मालकाच्या.

जर्मनीहून आल्यावर वर्षभराने मिस्त्रीने परत गाडी बघितली. चिंचवडच्या एका निवृत्त मास्तरांची. या वेळी आरटीओत मी स्वतः जाऊन आले होते. मास्तरांच्या घरी आम्ही तिघं गेलो. मिस्त्री बाहेर बॉनेट उघडून उभा राहिला, मास्तर त्याला गाडीचं कौतुक ऐकवत होते. मिस्त्रीची बायको मात्र थेट स्वयंपाकघरात गेली आणि मीही तिच्यामागे गेले. मास्तरीणबाई चहा टाकत होत्या.

"ताई, खरं सांगा," हिने विचारलं, "गाडी इकताय कशापायी?"

मास्तरीणबाईंनी बाहेर कानोसा घेतला आणि आवाज खाली आणला. "अहो, यांना आता नीट दिसत नाही, पण मानत नाहीत. परवा आमच्याच फाटकावर घातली. डाव्या बाजूला पोचा आहे, तो हे तुम्हाला सांगणार नाहीत. तो धरून काय द्यायचं ते द्या, पण आजच घेऊन जा."

मिस्त्रीच्या बायकोने माझ्याकडे बघितलं, खिडकीपाशी गेली आणि नवऱ्याला हाक मारली, "आवं, झाकन लावा त्ये. ठरली गाडी."